शितलच्या मागच्या बाकावर

तळासरी तालुक्यात माझं नाव दोन कारणांसाठी घेतलं जातं. पहिलं कारण साधं आहे. मी संगिता सावे, गेली सत्तावीस वर्षं इथल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दुसरं कारण असं की दहावीच्या परीक्षेत सावे बाईंची सुपरव्हिजन आली, की त्या वर्गातली मुलं देवाला नारळ बोलतात. कॉपीचं तर सोडाच, माझ्या वर्गात मुलं शिंकतानासुद्धा परवानगी मागतात. आणि घंटा वाजली की माझा हात पेपरवर पडतो. तिचा आवाज विरायच्या आत पहिल्या बाकावरचा पेपर मी ओढलेला असतो. "बाई, एकच ओळ" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा अर्थही मला लागेनासा झाला होता. एकदा भरारी पथकाच्या साहेबांनी माझं सगळ्यांसमोर कौतुक केलं, तेव्हापासून तर मी जास्तच जोरात ओढायला लागले.

लिहायला बसले आहे ते खरं म्हणजे शितल हाडळबद्दल. पण मला मध्ये मध्ये बोलायची सवय आहे, आणि या गोष्टीत तर मी नको तिथे मध्ये आले आहे, त्यामुळे माझी सुटका नाही.

शितलचा पाडा उधव्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. घरचं थोडं भात, थोडी नागली, आणि उरलेले महिने घरच्यांची बाहेर मजुरी. आठवीत ती आमच्या शाळेत आली तेव्हा दोन महिने मला तिचा आवाज माहीत नव्हता. मी धडा लिहायला सांगायचे तेव्हा सगळा वर्ग "बाई, परत सांगा" म्हणून ओरडायचा. ही मात्र एकदा ऐकून खाली मान घालून लिहायची, आणि बरोबर लिहायची. घरी वारली, शाळेत मराठी, उमरगावच्या बाजारात गुजराती, हायवेवरच्या माणसांशी हिंदी. चार भाषा येतात म्हणजे काही येतं, असं तिला वाटतच नव्हतं. मला मात्र एक मराठी येते आणि मी सत्तावीस वर्षं त्याचा तोरा मिरवते आहे.

बारावीनंतर तिने नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि डहाणूच्या एका खासगी दवाखान्यात कामाला लागली. माझ्या सासूबाई खुब्याचं हाड मोडून तिथे दाखल झाल्या, तेव्हा मी तिचं काम पाहिलं. सासूबाईंनी अठ्ठावीस वर्षांत माझ्या चहाला एकदाही बरं म्हटलेलं नाही. त्या शितलच्या हातून मुकाट्याने पातळ खिचडी खात होत्या. अंगाने भरलेल्या बाईला ही काटकुळी मुलगी चादरीच्या आधाराने एकटी कुशीवर वळवायची, आणि त्या कण्हायच्यासुद्धा नाहीत. मी तिला विचारलं, "काय जादू केलीस गं?" ती म्हणाली, "काही नाही बाई. त्या बोलतात तेव्हा मी ऐकते." मला ते लागलं, पण मी तसं दाखवलं नाही.

त्याच दवाखान्यात वापीच्या एका संस्थेची माणसं आली. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला मुली हव्यात. अट एकच, डिसेंबरची जपानी भाषेची परीक्षा पास व्हायची. तिचं नाव एन-फाइव्ह. पास झालात तर फेब्रुवारीत संस्थेच्या वसतिगृहात पुढचं शिक्षण, आणि मग तिकडे नोकरी. बारा जणींची तुकडी. पुढची तुकडी कधी निघेल, ते त्या माणसांनाही सांगता येत नव्हतं.

शितल तो कागद घेऊन घोलवडला आमच्या घरी आली. स्वतःसाठी काही मागताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "बाई, इथे मी कितीही नीट केलं तरी मला आयाच म्हणतात. तिकडे या कामाचं वेगळं शिक्षण आहे, वर पुन्हा परीक्षा आहे. मला ते शिकायचंय." एवढं लांब वाक्य ती एका दमात बोलली, त्यावरूनच मला कळलं की हे तिच्या किती आत गेलं आहे. अडचण आईची होती.

तिची आई शुक्री. आमच्याकडे पाड्यावरची जुनी माणसं कोणालाही अहो-जाहो करत नाहीत, कलेक्टर आला तरी तो तूच. मी त्यांच्या ओट्यावर बसून जपान हा देश किती शिस्तीचा आहे यावर पंधरा मिनिटं भाषण दिलं. शुक्रीने तांदूळ निवडता निवडता ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू गेलीस का बाय तिथं?"

"नाही."

"मंग तुला काय माहीत."

ती पुढे म्हणाली, "आमच्या पाड्यातून पोरी नेल्या ना त्या ठेकेदारानं, कामाला सांगून. दोन त अजून नाय आल्या. मी एकलीला नाय धाडायची. तू बसशील का तिच्या संगतीनं परीक्षेला? तू बसशील त मी समजन, काय खोटं नाय."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. मनातून मला वाटलं, एवढी मी भाषेची बाई, एक परीक्षा ती काय.

दुसऱ्या दिवशी शिक्षक खोलीत मी सहज आवाजात जाहीर केलं की मी जपानीची परीक्षा देते आहे, आणि एकदम पाचवी पायरी. खालच्या चार पायऱ्या गाळून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी चहा मागवला. आठवड्याने कळलं की या परीक्षेत मोजणी उलटी असते. पाच ही सगळ्यात खालची पायरी, बालवाडीच म्हणा. चहा पिऊन झालेला होता, त्यामुळे मी कोणाला काही सांगितलं नाही.

वर्ग ऑनलाइन होता. शिकवायला तुषार नावाचा सव्वीस वर्षांचा मुलगा, पालघरहून. शनिवारी शाळा सुटली की आणि रविवारी सकाळी मी आणि शितल शाळेच्या व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसायचो, कारण पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. पहिल्या दिवशी तुषार सरांनी "चूका करायला घाबरू नका" असं पाटीवर लिहिलं. मी लगेच सांगितलं की चुकामधला चु ऱ्हस्व. तिसऱ्या आठवड्यात ते कंटाळून म्हणाले, "बाई, तुम्ही शिकायला आल्यात की तपासायला?" शितलने वहीत तोंड लपवलं.

सुरुवातीला मी तिला समजावत होते. महिनाभरात ती मला समजावायला लागली. मला अक्षरं दिसायची पण ऐकू यायची नाहीत. तुषार सर एक वाक्य ऐकवायचे, त्यात कोणी स्टेशनवर जायचं, कोणी टोपी घ्यायचं, आणि माझ्या कानात नुसता पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज राहायचा. शितल डोळे मिटून ऐकायची आणि सांगायची, "टोपी नाही बाई, छत्री घेतली. आधी टोपी म्हणाला, मग नको म्हणाला." मी विचारायचे, हे तुला कुठून कळलं? ती म्हणायची, "तो थांबला ना मध्ये."

आठवड्याचे वार पाठ करायला आम्हाला पुस्तक लागलं नाही. पाड्यावर ज्या वारी पोर जन्मलं त्या वाराचं नाव ठेवायची जुनी रीत, त्यामुळे अख्खा आठवडा तिथेच राहायला होता. सोम्या म्हणजे गेत्सुयोबी, मंगळ्या कायोबी, बुध्या सुइयोबी, आणि खुद्द शुक्री म्हणजे किन्योबी. शितल आईला घरात किन्योबी म्हणून हाक मारायला लागली आणि शुक्री ओ देऊ लागली. फक्त गुरुवारचं कोणी सापडलं नाही. त्यामुळे गुरुवार माझ्या डोक्यात काही केल्या बसला नाही.

आवणीच्या दिवसांत शितलने दवाखान्यातून आठ दिवस रजा घेतली. चिखलात भाताची रोपं लावता लावता ती आकडे म्हणायची, इचि, नि, सान. तिच्या रांगेतल्या बायकांनी ते उचललं. मी एका रविवारी तिची चौकशी करायला गेले तर सात-आठ बायका वाकून एका सुरात जपानीत मोजत होत्या, आणि मी बांधावर उभी राहून चारपाशी अडकत होते. चारला शि म्हणतात आणि योनही म्हणतात. कधी काय म्हणायचं यात माझा नेहमी गोंधळ होतो. शुक्री चिखलातून ओरडून म्हणाली, "बाय, तू मागं राहलीस."

तुषार सरांनी निरोपाचे शब्द शिकवले तेव्हा मात्र मी भाव खाऊन घेतला. घरातून निघताना जपानी माणूस जे म्हणतो त्याचा अर्थ जाऊन येतो. आणि घरातला म्हणतो, जाऊन ये. मी म्हटलं, सर, यात शिकायचं काय, आमच्याकडेही निघताना कोणी जाते म्हणत नाही. त्या दिवसापुरती मी वर्गात पहिली होते.

परीक्षा मुंबईला होती, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. आदल्या दिवशी जाऊन आम्ही बोरिवलीला माझ्या नणंदेकडे राहिलो. निघताना माझे यजमान नविनराव वाडीतल्या चिकूची पेटी हातात देऊन म्हणाले, "परीक्षकाला दे, निदान तोंड गोड होईल." मी त्यांना सांगितलं की तिकडे असलं काही चालत नाही. तसंही चिकू कच्चे होते.

परीक्षेचं ठिकाण म्हणजे एक कॉलेज. आम्ही फॉर्म एकाच दिवशी, एकामागोमाग भरले होते, म्हणून नंबर लागून आले. शितल पुढच्या बाकावर, मी तिच्या बरोबर मागे. मला वाटलं, किती छान, पोरीला धीर राहील.

वर्गावर पंचविशीची एक मुलगी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन कार्डं, एक पिवळं आणि एक लाल. तिने नियम सांगितले. फोन बंद करून पाकिटात, सांगितल्याशिवाय प्रश्नपत्रिका उघडायची नाही, वेळ संपला की पेन्सिल खाली आणि जागेवरून हलायचं नाही. लहान चूक झाली तर पिवळं कार्ड. मोठी झाली तर लाल, मग वर्गाबाहेर, आणि निकालच लागणार नाही. मी सगळं ऐकलं, पण परीक्षार्थी म्हणून नाही. मी मनातल्या मनात तिला दहापैकी सहा गुण दिले. आवाज बारीक. दोन बाकांतलं अंतर कमी. मागच्या भिंतीवरचा तक्ता झाकलेला नव्हता. तो झाकायला सांगावं असं मला फार वाटत होतं.

पहिला पेपर शब्दांचा. तिसऱ्याच प्रश्नात गुरुवार होता. पुढचं सांगत नाही.

दुसरा पेपर व्याकरण आणि वाचन. कोणी तनाका नावाच्या गृहस्थाने मित्राला पत्र लिहिलं होतं आणि तो बागेत गेला की नाही एवढंच विचारलं होतं. मी पत्र चारदा वाचलं. दोनदा तो गेला, दोनदा गेला नाही. शेवटी मी पेन्सिल ठेवून समोर पाहायला लागले. मागून मूल काय करतंय ते मला कोपरावरून कळतं, सत्तावीस वर्षांत एवढं तरी आलंय. शितलचं कोपर आधी सरळ चाललं होतं. मग ते थांबलं. मग जोरजोरात मागेपुढे व्हायला लागलं, म्हणजे खोडरबर. ती खोडत होती, एक नाही, खूप. उत्तरपत्रिकेवर गोल काळे करायचे असतात. एखादा गोल सोडला की पुढची सगळी उत्तरं एक ओळ वर सरकतात. तिचं तेच झालं होतं. ती सगळं खोडून पुन्हा भरत होती आणि वेळ पाच मिनिटं. मी मागे बसून देवाचं नाव घेत होते, भर गं, भर.

घंटा वाजली.

यापुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण त्यात माझं डोकं नव्हतंच, नुसता हात होता. मी उठले. एक पाऊल पुढे गेले. "पेन खाली ठेवा" असं मोठ्याने म्हटलं, मराठीत. आणि शितलच्या हाताखालून तिची उत्तरपत्रिका ओढली. तिची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. गोलांच्या रांगांवरून तिरपी, लांब, काळीकुट्ट रेघ उमटली.

वर्गावरची मुलगी धावत आली. तिने इंग्रजीत विचारलं की तुम्ही काय करताय. मी म्हटलं, "पेपर गोळा करतेय." आणि तेही अशा आवाजात, की खरं तर हे तिने करायला हवं होतं आणि तिलाच उशीर झाला आहे. मग मी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्या बाकावर चिकटवलेल्या परीक्षार्थीच्या नंबराकडे, आणि मी इथे कोण म्हणून आले आहे ते मला आठवलं. तिने लाल कार्ड वर धरलं. लाल कार्ड मी तोवर फक्त नविनरावांच्या टीव्हीवर फुटबॉलमध्ये पाहिलं होतं.

शितलने खोडरबर उचललं आणि त्या मुलीकडे पाहिलं. मुलीने नकारार्थी मान हलवली. वेळ संपला होता. तिचं बरोबरच होतं. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं, वर दोन शब्द सुनावले असते. मी बाहेर जाताना शितलकडे बघायचं धाडस केलं नाही.

खाली पटांगणात बाकावर जाऊन बसले. वॉचमन गुजराती होता, भला माणूस. पाणी आणून दिलं आणि म्हणाला, "बेन, पोरगी आत आहे काय? टेन्शन नाय लेवानु, होऊन जाईल." मी म्हटलं, "मीच आत होते." तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि मग फाटकाकडे गेला. वरच्या खिडकीतून तिसऱ्या पेपराचा, ऐकण्याच्या पेपराचा आवाज येत होता. बाई बोलत होती, पुरुष बोलत होता, मध्येच टण्ण असा आवाज. मला एक अक्षर कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आत एक मुलगी बसली आहे, जिचं फेब्रुवारीपासूनचं आयुष्य त्या कागदावर होतं, आणि त्यावर मी रेघ मारून आले आहे.

ती बाहेर आली ती सगळ्यांच्या शेवटी. मला पाहून पहिलं वाक्य म्हणाली, "बाई, काही खाल्लंत का?"

आम्ही समोरच्या उडप्याकडे बसलो. मी विचारलं, "ती रेघ किती उत्तरांवरून गेली गं?"

"पाच-सहा असतील."

"शितल, तू मला बोल काहीतरी. रागाव तरी."

ती इडलीचे तुकडे करत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही दहावीला पण ओढला होता."

"काय?"

"पेपर. भूमितीचा. मी पहिल्या बाकावर होते. प्रमेयाची शेवटची पायरी राहिली होती."

मला काहीच आठवत नव्हतं. सत्तावीस वर्षांत किती पहिले बाक आले आणि गेले. मी म्हटलं, "तेव्हा का नाही बोललीस?"

"घंटा झाली होती ना. तुमचं बरोबर होतं." ती बाहेरच्या पाट्या वाचल्यासारखी सहज बोलत होती. "आज नंबर पाहिला तेव्हाच कळलं तुम्ही मागे आहात. मग मी घाई केली. म्हटलं, बाई उठायच्या आत संपवू. घाईत एक गोल सुटला आणि सगळे सरकले."

म्हणजे रेघेच्या आधीच मी तिचं नुकसान केलं होतं, नुसती मागे बसून. आणि मी समजत होते की पोरीला धीर येतोय. त्या उडप्याच्या टेबलावर मला रडू आलं, आणि पन्नाशीची बाई रडते आहे म्हणून वेटरने न मागता चहा आणला. शितल म्हणाली, "बाई, ऐकायचा पेपर चांगला गेला." मग ती मला उठवून रस्ता ओलांडायला हात धरून घेऊन गेली, दवाखान्यात नेते तशी.

गावात मला वाटलं, आता ही बातमी पसरणार. चार दिवस मी शाळेत मान खाली घालून वावरले. पण कोणीच काही बोलेना. शितलने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते मला सहन होईना. पाचव्या दिवशी मी स्वतःच पाड्यावर गेले आणि शुक्रीपुढे सगळं ओकले, रेघेसकट, लाल कार्डासकट, भूमितीसकट. शुक्री चुलीपुढे बसली होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

"तुला भायेर काढली?" तिने विचारलं.

"हो."

"सगल्यांच्या समोर?"

"हो."

तिने चुलीत लाकूड सारलं. मला वाटलं आता शिव्या पडणार, आणि मला त्या हव्या होत्या. ती म्हणाली, "पोर नापास झाली त परत बसल. तू पण परत बसायचा. नायतर मी तिला धाडायची नाय." पुढची परीक्षा जुलैत, असं मी सांगितलं, आणि तिने माझ्यापुढे भाकरी ठेवली. शिक्षा ठोठावून वर जेवायला घालणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

निकाल जानेवारीच्या शेवटी लागणार होता. ते सात आठवडे मी शाळेत शिकवत होते आणि डोक्यात एकच हिशेब करत होते. परीक्षेत एकूण ऐंशी गुण लागतात. पण भाषा आणि वाचन यांत वेगळे अडतीस मिळालेच पाहिजेत, नाहीतर बाकी कितीही असोत, नापास. पाच-सहा उत्तरं. अडतीस. रात्री नविनराव म्हणायचे, "झोप आता, तुझ्या जागण्याने तिचे गुण वाढत नाहीत." ते चेष्टेत म्हणायचे, पण दिवा तेच बंद करायचे आणि पाणी भरून ठेवायचे.

निकालाच्या दिवशी शितल, शुक्री आणि मी पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहिलो. पान उघडायला फार वेळ लागला. भाषा आणि वाचन, एकशेवीसपैकी त्रेचाळीस. ऐकणं, साठपैकी चोपन्न. एकूण सत्त्याण्णव. पास.

शितलने फोन आईच्या हातात दिला, जणू तिला ते वाचता येणार होतं. शुक्रीने तो उलटा धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. मी टाकीच्या भिंतीला टेकले. पाच गुणांनी वाचले मी. तिचं काय झालं असतं ते बोलायला नको, पण मी त्यानंतर कोणत्या तोंडाने वर्गावर उभी राहिले असते ते मला ठाऊक नाही. थोड्या वेळाने तुषार सरांचा मेसेज आला, शितलचं अभिनंदन, आणि बाई, तुमचं किती? माझ्या नावापुढे गुणांच्या जागी काहीच नव्हतं. मी त्यांना कळवलं की माझा निकाल राखून ठेवला आहे. सत्तावीस वर्षांत मी लेखी खोटं पहिल्यांदाच बोलले. शुद्धलेखन बरोबर होतं.

फेब्रुवारीत ती निघाली. जीप तळासरीपर्यंत, पुढे बस. पाड्यावरचा अर्धा आठवडा तिला सोडायला रस्त्यावर आला होता, सोम्या, बुध्या, सगळे. शितलने आईच्या पाया पडून जपानीत काहीतरी म्हटलं, हळू. शुक्रीने मराठीतच उत्तर दिलं, "जाऊन ये." मग शितल माझ्यापुढे आली. मी सत्तावीस वर्षांचं सगळं मराठी जमवून काहीतरी चांगलं बोलायचं ठरवलं होतं, पण तिने वाकून माझ्या पायांना हात लावला आणि वर उठता उठता म्हणाली, "बाई, जुलैत मी पुढे नसेन. हात मांडीखाली ठेवा." मला हसू आलं आणि लगेच दुसरंही आलं. जीप वळेपर्यंत ती मागच्या खिडकीतून पाहत होती.

जुलैचा फॉर्म मी भरला आहे. शुक्री दर आठवड्याला विचारते.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा आली आणि मला सुपरव्हिजन लागली, पुन्हा भूमितीच्याच पेपरला. वर्गात शिरले तसं नेहमीचं झालं, सगळ्यांच्या पाठी ताठ, कोणी खोकेना. मी तीन तास नाही, दोन तास उभी होते, पण ते तीन वाटले. पहिल्या बाकावर पुष्पा नावाची मुलगी होती, केसांना लाल रिबिनी. तिचं कोपर शेवटच्या पाच मिनिटांत जोरात चाललं होतं. मला कोपरावरून कळतं.

घंटा वाजली. पुष्पाने लिहिता लिहिता माझ्या हाताकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. सत्तावीस वर्षांत मुलं माझ्याकडे असंच पाहत आली असणार, मी ते पाहिलं नव्हतं. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मनात मोजायला लागले. इचि, नि, सान. मग चार आला, आणि शि की योन यात मी नेहमीप्रमाणे अडकले. मी अजून चारवरच होते, तेवढ्यात पुष्पाने शेवटची ओळ लिहिली, खाली रेघ मारली, पेन ठेवलं आणि पेपर स्वतःच माझ्यापुढे धरला.